लाकडी चाकांची हातगाडी

करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, उग्र वास आला की मला रोह्याच्या लोहाराचं अंगण आठवतं. पेणजवळच्या आमच्या मिठागरावर आईची हातगाडी होती. चाकं लाकडी, आसही लाकडी. चाकांवरची धाव, म्हणजे कडेची लोखंडी पट्टी, गंजून निखळली, तेव्हा कंपनीत असलेल्या थोरल्या भावाने बेअरिंगची, रबरी टायरची नवी गाडी आणली. "धाव गंजली तर बदलता येते रे. बेअरिंगमध्ये मीठ शिरलं की गाडीच बसते," आई म्हणाली. भाऊ हसला. त्याच हंगामात ती गाडी गोणींसकट बांधावर अडली, ती हललीच नाही. आईने जुनी चाकं टेम्पोत टाकली आणि मला घेऊन थेट रोहा गाठलं. "आता लाकडी चाक कोण वापरतं गो? टायर बसव," लोहार म्हणाला. "मी वापरते. तू धाव चढव," म्हणत आई त्या चाकावरच बसली आणि तासभर उठली नाय. शेवटी त्याने गोवऱ्यांच्या आगीत नवी धाव लाल केली, चाकावर ठोकली, वर पाणी ओतलं. वाफ उसळली, लोखंड आवळलं, लाकूड करकरलं. चाक निवताच आईने स्वतः त्याला करंजेल चोपडलं. आता ते काम माझं. परवा मी तेल लावत असताना एक रिसॉर्टवाला आला आणि बागेत शोभेसाठी गाडी मागायला लागला. हात न पुसताच मी म्हटलं, "बाजूला व्हा. आजच्या तीन खेपा बाकी हायत तिच्या."