एकट्याचा आकडा

वळ गावातल्या नव्या गोडाऊनची कंपाउंड भिंत सावळाराम आणि राघो या दोन गवंड्यांकडे होती. एकवीस वर्षं दोघं जोडीनंच बांधत आलेले. मध्ये दोरी ताणायची, एकानं या टोकाकडून निघायचं, दुसऱ्यानं त्या, आणि थराच्या मधोमध गाठ पडायची. तिथली शेवटची वीट मापानं तोडून बसवावी लागते. ती कोणी बसवायची यावर दोघं दर थराला हुज्जत घालत आणि तेवढ्यात तंबाखू, गावच्या बातम्या, सगळं उरकून घेत.

सावळारामला या हुज्जतीची फार गरज होती. बायको ठकुबाई जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा विशाल नाशिकला. गणेशपुरीजवळच्या घरी टीव्ही सोडून कोणी बोलणारं नव्हतं. त्याचं दिवसभराचं बोलणं व्हायचं ते त्या मधल्या विटेपाशी.

मग मृणाली ही इंजिनिअर आली. कोण तासाला किती विटा लावतो, हात कुठे थांबतो, सगळं टॅबवर टिपायची. पोरगी हुशार. पहिल्याच दिवशी तिनं विटा कमरेच्या उंचीवर रचायला लावल्या. गवंड्यांचं वाकणं वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काका, दोघांच्या मिळून दिवसाला अकराशे होतात. दर थराला पाच मिनिटं कुठे जातात?"

खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सावळारामला चेव आला.

"माझा हात अजून म्हातारा न्हाय झाला. एकट्याला लावून बघा."

तिनं लावून बघितलं. राघोला दिवसभर दुसऱ्या कामावर धाडलं, आणि या शहाण्यानं पाण्यालाही न थांबता सातशे चाळीस विटा लावल्या. सगळ्यांसमोर त्याचं कौतुक झालं. सोमवारी राघोची बदली मानकोलीच्या साइटवर झाली. मृणालीचं यात काही चुकलं नाही, आणि म्हणूनच भांडायलाही कोणी उरलं नाही.

सावळारामनं मग मुद्दाम हात सैल सोडला. आकडा उतरला की राघोला परत आणतील, हा त्याचा बेत. तीन दिवसांत तो पाचशेवर आला. मृणालीनं काळजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, दमलाय तुम्ही. उद्या सुट्टी घ्या."

सुट्टीचा तो दिवस त्याला खायला उठला. दुपारी त्यानं राघोला फोन लावला.

"मीच बोललो व्हतो रं, एकट्याला लावून बघा म्हनून. उद्या बाईला सांगतो, राघोला परत आना."

"आता कशाला?" राघो म्हणाला. "मला पाठवायच्या आधी बाईनं इचारलं व्हतं, काकांना एकट्यानं जमंल ना? मी छाती ठोकून बोललो, त्याला कोनाचीच गरज न्हाय. तुझा मान ठेवला का न्हाय?"

"ठेवलास," सावळाराम म्हणाला.