पालथी चिठ्ठी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीच्या गेटवर पत्रकं वाटत होते. सकाळची पाळी आत शिरत होती. फोन त्यांच्या धाकट्या मुलीचा. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि रिक्षात बसले. रस्ताभर रडू आलं नाही, राग आला. या बाईंच्या नावानं चौक होणार नाही, फलक लागणार नाही, कारण त्या आयुष्यभर लोकांची लघवी तपासत होत्या. पाच आठवडे झाले. राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

नरसम्मा अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. नमुना यंत्रात गरगर फिरवायचा, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि काय दिसलं ते लिहायचं. तीसेक वर्षं हेच. नात्यातल्या लग्नात एका वहिनीनं पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, हात धुऊन वाढतेस ना गं? अक्का भात वाढता वाढता म्हणाल्या, "धुतलेत की वहिनी. तुमी धुतलेत का, ते मला काचंखाली बघावं लागंल." हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. लाज त्यांना कधी वाटली नाही. वाटायला हवी होती ती हसणाऱ्यांना.

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये नवं यंत्र आलं. नळी ठेवली की ते आतल्या पेशींचे फोटो काढतं, मोजतं आणि छापील चिठ्ठी बाहेर टाकतं. व्यवस्थापनानं लगेच ठरवलं की आता डोळ्यांनी बघण्यात वेळ घालवायचा नाही. आमची संघटना कामगारांच्या आरोग्यावर काम करते. आमच्या कानावर हे आलं आणि माझं डोकं तापलं. मी पत्रकाचा मथळा लिहूनच लॅबमध्ये गेले: 'यंत्र चुकतं, माणूस मरतो!' अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला, कागद परत दिला. "माणूस पण चुकतो की. ते कुटं लिवलंस?"

मग त्यांनी त्यांची वही दाखवली. यंत्र आल्या दिवसापासून त्या एकच नमुना दोन्हीकडे बघत होत्या. यंत्राची चिठ्ठी आली की टेबलावर पालथी ठेवायची. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून वहीत लिहायचं, मग चिठ्ठी उलटायची आणि शेजारी तिचा आकडा उतरवायचा. चिठ्ठी आधी वाचली तर डोळ्याला तेच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. वहीत बहुतेक ठिकाणी दोघांचं जमलेलं होतं. पेशी मोजण्यात तर यंत्र अक्कांपेक्षा सरस, कारण दिवसाच्या शेवटी डोळे थकतात, यंत्र थकत नाही. हे त्यांनी मला अगदी निर्विकारपणे सांगितलं. मला मात्र आपलाच माणूस फुटल्यासारखं झालं.

पण यंत्र कधी यीस्टच्या बुरशीलाच रक्तातली तांबडी पेशी म्हणायचं, आणि कास्ट त्याच्या हातून सुटायचे. कास्ट म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत घट्ट होऊन तिथल्याच आकारात बाहेर पडलेले साचे. मैंदर्गीचा भीमाशा, चिंचोळीतल्या एका कारखान्यात रंगाच्या खात्यात कामाला (नाव त्याच्या परवानगीनं लिहितेय), पाय सुजले म्हणून आला होता. यंत्रानं तांबड्या पेशी बरोबर मोजल्या, कास्टच्या रकान्यात शून्य टाकलं. मुतखडा असेल, पाणी भरपूर पी, असं सांगून डॉक्टर त्याला घरी धाडणार होते. अक्कांना मात्र तांबड्या पेशींनी भरलेले कास्ट दिसले होते. म्हणजे रक्त खड्यानं नव्हे, मूत्रपिंडातूनच येत होतं. त्या काचपट्टी हातात धरून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी स्वतः बघेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. औषध वेळेत सुरू झालं. भीमाशा आज कामावर आहे.

मी म्हटलं, झालं, हेच पहिल्या पानावर. अक्कांनी वहीचं दुसरं पान उघडलं. एका बाईंच्या नमुन्यात त्यांनी 'काही नाही' लिहिलं होतं. चिठ्ठी उलटली तर तांबड्या पेशी. पुन्हा बघितलं, तर होत्या. त्या बाईंच्या मूत्राशयात गाठ निघाली, लहान होती तेव्हाच सापडली. यंत्रामुळे. हे पण छाप, अक्का म्हणाल्या. मी भांडले. हे छापलं तर व्यवस्थापनाच्या हातात आयतं कोलीत जाईल, तुमचंच काम बंद पडेल, म्हटलं. त्यांनी वही मिटली. "मग माझं नाव नको, वही पण नको. अर्धं खरं सांगून मला खुर्ची टिकवायची न्हाय."

तीन दिवस मी धुमसत होते. चौथ्या दिवशी दोन्ही पानं छापली, मथळा काढला. 'धिक्कार' हा शब्द नसलेलं माझं ते पहिलं पत्रक. ट्रस्टच्या बैठकीत ज्येष्ठ डॉक्टरांनी अक्कांच्या चुकीचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाले, ही बाई स्वतःची चूक लिहिते, तर यंत्राचीही खरीच लिहीत असणार. नियम झाला. सगळे नमुने यंत्रावर, पण मूत्रपिंडाची शंका असेल किंवा आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर ताजा नमुना माणसाच्या डोळ्याखाली. मी एवढी वर्षं घोषणा देतेय, पण एवढं ठोस काही जिंकलेलं नाही.

अक्का गेल्या त्या दिवशी गल्लीत माणसं मावत नव्हती. न्यायची वेळ झाली तरी राजेश्वरीचा पत्ता नाही. ही त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी, अक्कांनी पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. ती धापा टाकत आली तशी मी तिला कोपऱ्यात गाठून झापलं, आज तरी लॅब सोडायची होतीस की नाही? तिचे डोळे सुजलेले होते. अक्कांनी आदल्या संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं होतं, ती म्हणाली, 'यंत्र म्हणतंय साफ. मला एक कास्ट वाटला, खात्री नाही. उद्या सकाळचं ताजं मागव.' पेशंट सकाळी नमुना घेऊन आला होता. त्याला परत कसं पाठवायचं?

"मग? निघालं काही?"

"न्हाय. दोनदा गाळ घेऊन बघितलं. साफ होतं. यंत्राचंच बरोबर होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अक्कांच्या ओळीपुढं तसं लिवलं, खाली सही केली... आन् मग रिक्षा धरली."