बंद विहिरीची नोटीस

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या बाई निवृत्तीनंतरही गप्प बसल्या नाहीत. जित्याची खोड! कुणाचे पणजोबा कुठल्या साथीत गेले, हे त्या लोकांना जुन्या वह्यांतून शोधून देत. "मेलेल्यांची पोस्टमन," असं नवरा चिडवायचा. पण पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, वर्षाची पानं उघडली आणि बाईंचं हसू आटलं. एकाच घरातली पाच-पाच नावं एकाखाली एक. पेला तोंडाला लावला की ती नावं डोळ्यांपुढे येत आणि तहानच मरून जाई.

ते वर्ष काढायला लावलं होतं बाईंच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याने. सहा वर्षांची असताना तिने जवळच्या विहिरीवरून कळशी भरून आणली आणि तिसऱ्या दिवशी तिची आई आणि तान्हा भाऊ गेले. आपणच आईला मारलं, या समजुतीत तिने लग्न केलं नाही, जन्मभर वडिलांची सेवा केली.

"बाबांनी पाणी आणायला धाडलं नि मी जवळच्या विहिरीवर गेले," आत्या म्हणाली. "ती बंद केली होती म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं गं. की सांगितलं होतं नि मी विसरले? तेवढं बघ. मग मी मरायला मोकळी."

मृत्यूची तारीख घरात सगळ्यांना पाठ होती. हवी होती ती विहीर बंद झाल्याची. बाईंना कामाची जुनी पद्धत आठवली. विहिरीचं पाणी वापरायला बंदी केली की शिपाई दारोदार नोटीस दाखवून कर्त्या पुरुषाची सही घेई. ती वही सापडली. घर नंबर अकरा. मृत्यूच्या सहा दिवस आधी आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, ठसठशीत सही केलेली होती.

बाईंनी फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढला आणि दोन दिवस लपवला. सांगावं तर आजोबा आत्याच्या मनातून उतरतात, न सांगावं तर आत्या गुन्हेगारच राहते. त्यांना आजोबांचा मनस्वी राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन आत्यापुढे धरला.

आत्याने भिंग लावून सही आणि तिच्याखालची तारीख पाहिली.

"बाबांचीच आहे," ती म्हणाली. "जन्मात एका शब्दाने बोलले नाहीत गं मला. मी समजत होते, त्यांनी मला माफ केलं."