सुतकातलं चालणं

मित्रांनो, हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांच्या या ग्रुपवर मी नेहमी फक्त वाचतो. आज सकाळपासून चैन पडत नाही, म्हणून लिहितोय.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या हृदयाची झडप बदलली. रोज अर्धा तास चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या आठवड्यात दादा, माझा मोठा भाऊ, वारला. सुतक म्हणून घरातच होतो. आज सातव्या दिवशी बूट घातले आणि गंगापूर रोडला निघालो.

कोपऱ्यावर शेजारचे काका भेटले. "काय रे, दहावा व्हायचाय अजून, आणि तू व्यायामाला?"

तसाच परत आलो. वहिनींना कारण सांगितलं, तर म्हणाल्या, "भाऊजी, काकांचं काय जातंय बोलायला! या घरात आता आणखी कोणाला काही व्हायला नको. जा बघू."

पुन्हा गेलो. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा असतो. म्हणून दादा रोज सोबत चालायचा आणि सारखा काहीतरी विचारायचा, "काल भाजी कसली होती?" असलं. आज विचारणारं कोणी नव्हतं. मी मध्येच पळाल्यासारखा चालत होतो, मध्येच उगाच थांबत होतो.

तुमच्यातले जे एकटे चालतात, ते आपला वेग कसा ओळखतात?