अभयकुमार मास्तरांनी जिंकलेला वाद

सावद्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या अभयकुमार मास्तरांना वाद घालायची भारी खोड. घराणं मारवाडी जैन, बापाचं कापडाचं दुकान, घरातलं प्रत्येक माणूस सकाळी स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, जाणारं. आणि हे चिरंजीव ताटावर बसून आईला विचारणार, "चौऱ्याऐंशी लाख योनी मोजल्या कुणी? पुरावा दाखव." आई कानांवर हात ठेवायची. बायको हीराबाई मुकाट्यानं वाढत राहायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, आणि अशा सुनेनं घरात तोंड उघडायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

अडुसष्ट सालच्या चातुर्मासाला गावात एक विद्वान महाराजसाहेब आले. व्याख्यानानंतर ते शंका विचारू देत. एका रविवारी मास्तर बाह्या सरसावून गेले. स्थानक गच्च भरलेलं, पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. महाराज लाउडस्पीकर वापरत नसल्यामुळे सगळे अगदी चिडीचूप बसलेले.

"जीव योनी बदलत नाही, महाराज," मास्तर म्हणाले. "जाती बदलतात. लाखो वर्षांत, हळूहळू. माणूसही तसाच झाला."

"जात कशाला म्हणता?" महाराजांनी शांतपणे विचारलं.

"ज्यांना आपसांत संतती होते, आणि त्या संततीलाही पुढे संतती होते, ती एक जात."

"मग तुमच्या गावची केळ? तिला तर बी धरत नाही. कंद लावला की नवी केळ उभी राहते. तिला जात नाही म्हणायचं?"

सभा खूश झाली. केळीवर पोट असलेलं गाव ते. मास्तर मात्र खवळले.

"केळ राहू द्या. खेचर घ्या. घोडा-गाढवाचं पिल्लू. त्याला पुढे पिल्लू नाही. वंश तिथंच खुंटला. निसर्गाच्या लेखी ते फुकट गेलं!"

"मास्तर," मागून रुपचंद अडत्या मिस्कीलपणे म्हणाला, "मग आमच्या हीराबाईंचं काय म्हणायचं?"

पुरुषांत हशा पिकला. महाराजांनी हात वर करून विषय थांबवायला सांगितलं. लाज असलेला नवरा तिथून उठून गेला असता, नाहीतर रुपचंदच्या कानाखाली तरी वाजवली असती. मास्तरांनी समजावून सांगायला घेतलं.

"गल्लत करू नका, रुपचंदभाऊ. खेचरात दोष असतो तो सगळ्या खेचरांचा. हिच्यातला दोष हिच्या एकटीचा. दोन्ही गोष्टी निराळ्या." आणि वर्गात सांगावं तसं उदाहरणांसकट सांगितलं. आता कुणी हसत नव्हतं. आपण जिंकलो असं मास्तरांना वाटलं. बायकोची बाजूही राखली, असंसुद्धा वाटलं.

हीराबाई बायकांत मान खाली घालून बसली होती. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी तिला तपासून सांगितलं होतं, हिच्यात काही दोष नाही, यजमानांना तपासून घ्या. यजमान गेले नाहीत. "माझ्यात काय असणार?" म्हणाले. उठता-बसता पुरावा मागणारा माणूस! नवऱ्याची अब्रू म्हणून तिनं हे सासूलाही कळू दिलं नव्हतं.

पुढे तिचे फार हाल झाले. गल्लीतली पोरं तिला पाहून खेचरासारखी खिंकाळायची. बारशाची बोलावणी बंद झाली. ती घराबाहेर पडेना, जेवण तुटलं. वर्षभरानं एका दुपारी ती मास्तरांपुढे येऊन उभी राहिली आणि दीक्षा घ्यायची आज्ञा मागितली. नवऱ्याच्या आज्ञेवाचून लग्न झालेल्या बाईला साध्वी होता येत नाही.

मास्तरांनी आत्मा खोडून काढला, मोक्ष खोडून काढला. ती ऐकत राहिली. शेवटी ते म्हणाले, "मी जळगावला जातो. उद्याच तपासून घेतो. सगळ्या गावाला सांगतो."

"आता नको," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसंच असेल. मोक्ष नसेलही. पण साध्वीला कुणी विचारत नाही, तुम्हाला मुलं किती."

मास्तरांनी आज्ञा दिली.