तिचा शिक्का कोणावर होता

माझी बायको मत कोणाला देते ते मला कधी कळलं नाही. मी नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल. शाळा चौथीपर्यंत आणि तोंड फाटकं. माझं मत अख्ख्या चाळीला माहीत असायचं. तिचं घरात मलासुद्धा नाही.

एकाहत्तरच्या लोकसभेला आम्ही दोघं म्युनिसिपालटीच्या शाळेत गेलो. बायकांची रांग वेगळी, त्यात ती आणि शेजारीण पुढेमागे. आमची रांग लांब. मी बाहेर आलो तर ती फाटकाशी उभी. घरी जाताना विचारलं, "कोणावर मारलास शिक्का?"

"सांगत नसत्यात."

"नवऱ्याला पण नाय?"

"निवडून आलेला पाच वर्सं बसणार ना? करू द्या त्याला काय करायचं ते. मंग सांगते, माझं बरोबर निघालं का चुकलं. आत्ता सांगितलं तर रोज टोचत बसाल."

ती घोटीकडची. बोलणं कमी, पण एकदा बोलली की हलायची नाही.

मी पण धरून बसलो. पाच वर्षं भरत आली आणि आणीबाणीत सरकारनं लोकसभेची मुदतच वाढवली. धक्क्यावरचा मालबाबू, रेल्वेचा कारकून, जेवणाच्या सुट्टीत आम्हाला पेपर वाचून दाखवायचा. तो म्हणाला, एरवी सभा पाच वर्षांनी आपोआप संपते, पण आणीबाणीत एकेक वर्ष वाढवता येते. मी घरी येऊन हे सांगितलं ती माझीच चूक.

"मंग आपलीबी वाढली," भाकरी उलटत ती म्हणाली.

पुढं ती वाढवलेली मुदत पुरी व्हायच्या आतच सभा मोडली आणि निवडणूक लागली. मी म्हणालो, आता बोल. तर म्हणे, वाढवलेलं पुरं कुठं झालं? त्यानंतरची सभा तर तिसऱ्या वर्षातच गेली. सरकार पडलं, दुसऱ्या कोणाचं जमेना, पुन्हा मतदान. मी शेजारणीसमोर तक्रार केली, "ही बाई फसवती मला."

शेजारीण पदर तोंडाला लावून हसली. "भाऊजी, तुमच्या दिल्लीवाल्यांना टिकून बसता येत नाय, त्याला ती काय करंल?"

ऐंशीची सभा जवळजवळ भरली. अगदी थोडे दिवस राहिले असताना पुन्हा मतदान आलं. तेव्हाही तिनं बोटावरची शाई दाखवली आणि म्हणाली, "थोडं कमी भरलं की हो." मी चिडलो. दोन वेळ जेवलो नाही. मग तिनं गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. ही नवी सभा पाच वर्षं चालली तर सगळं सांगीन, म्हणाली, पहिल्या शिक्क्यापासून.

ती सभा चालली. हीच आजारी पडली.

सिव्हिलमध्ये खाटेशी बसून मी म्हणालो, "आता तरी सांग."

"एवढी काय घाई? अजून मुदत हाय," ती म्हणाली. मला तेवढंच बरं वाटलं. मुदत आहे म्हणजे ती घरी येणार, असं मी धरलं. ती आली नाही.

दिल्लीत सभा चालूच राहिली. त्या वर्षी मला त्या सभेचा फार राग यायचा. का यायचा ते सांगता येत नाही. धक्क्यावरचा एक जण म्हणाला, "बाबा, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक घ्या आता." सगळे हसले. मी पोतं खाली टाकलं आणि त्याच्या आयमायचा उद्धार केला. मग मालबाबूच समजावायला आला. त्यात पोटनिवडणुकीत आलेला माणूस उरलेल्या मुदतीपुरताच असतो, हे पण सांगून गेला. भला माणूस, पण कुठं काय बोलावं ते त्याला कळायचं नाही.

वर्षश्राद्धाला शेजारीण पानं वाढत होती. हात थांबवून म्हणाली, "भाऊजी, वहिनी कोणाला देत होत्या ते मला ठाऊक हाय. मला सांगायच्या त्या."

मला लागलं ते. जे मला नाही ते हिला. तरी म्हणालो, "नको सांगू. पाच वर्षं नाय झाली अजून."

सभेनं मुदत भरत आणली. पुन्हा लाऊडस्पीकर लावलेल्या रिक्षा फिरल्या. मी एकटा शाळेत गेलो, शिक्का मारला आणि बाहेर आल्यावर फाटकाशी उभा राहिलो. कोणाची वाट बघतोय ते ध्यानात यायला वेळ लागला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून शेजारीण आली. माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "आता झाली ना पाच वर्सं? सांगू का?"

हिनं सांगितलं असतं तर बायकोकडून माझं येणं काहीच राहिलं नसतं.

"वाढवली मुदत," मी म्हणालो.

"कोणी?"

"मी. सरकारनं वाढवली तेव्हा मला विचारलं होतं का?"

आम्ही चाळीपर्यंत बरोबर चालत आलो.