मावशीनं मशिदीत घातलेलं गाऱ्हाणं

मी कोल्हापूरहून निघाले ती मावशीला डोळ्याच्या ऑपरेशनला आणायला. डावा डोळा केव्हाच गेलेला आणि उजव्याचं डॉक्टरही खात्रीनं सांगेनात. घाबरलेल्या माणसानं गप बसावं की नाही? पण मावशी कसली ऐकतेय! फोनवरच फर्मान सुटलं, "जेच्या हाकेर जल्मभर भात चढवलंय, तेचा घर माका एकदा बघूक होया."

घर म्हणजे खाडीपलीकडची जुनी मशीद. दुपारची बांग ऐकू आली की मावशीच्या चुलीवर भात चढायचा. आत मात्र ती कधी गेली नव्हती.

फोंडाघाटात गरमागरम भजी हाणली. घाट उतरल्यावर रस्ता बरा आहे, पण धामापूर सोडलं की अरुंद होतो, समोरून एसटी आली तर देवाचं नाव घ्या. मावशीकडे बांगड्याचं तिखलं जेवून दोघी पूल ओलांडून पलीकडे गेलो. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार टाळा, दुपारची नमाज आटोपल्यावर जा. तिकीटबिकीट काही नाही, डोकं तेवढं झाका.

बांग देणारे हसनचाचा हौदापाशी बसले होते.

"चाचा, बायकांका आत सोडतास?" मावशीनं थेट विचारलं.

"नमाज झाली, आता येवा. पाय तेवडे धुवा."

आत काय गारवा! वर कौलं, खाली फणसाच्या लाकडाचे जाडजूड खांब आणि त्यांवर कोरलेली वेलबुट्टी. मी आपली फोटो काढत सुटले. मावशीला दिसत कुठे होतं? ती खांबावरून बोटं फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली, हात जोडले आणि देवळातल्या सवयीनं खणखणीत आवाजात सुरू झाली, "बा देवा म्हाराजा! परवा डोळ्याचा आपरेशन आसा. एकच डोळो रवलो हा, तो सांभाळ रे म्हाराजा!"

अगं बाई! मशिदीत गाऱ्हाणं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि गाऱ्हाणं घातलं की भोवतालच्यांनी साथ द्यायची असते. इथे कोण देणार?

"व्हय म्हाराजा!"

चाचा! डोळे मिटून, हात उघडे धरून, अगदी मनापासून. मला हसू आवरेना.

"चुकलंय काय ओ?" मावशी ओशाळली.

"मागणा तां मागणा. तेका समाजता."

कोल्हापूरला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना माझाच जीव टांगणीला. फोटो शंभरेक निघाले असतील त्या मशिदीत, पण त्या क्षणी त्यातला एकही आठवेना, आठवत होता तो तिचा खणखणीत आवाज.

मावशी डोळा किलकिला करत माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग हात पुढे करून माझ्या कानामागची बट तिनं चिमटीत धरली.

"तुझे केस कधी पिकले गो? माका कोणी सांगूक नाय."